गावचा सामना कधी? आयरिश खेळांच्या वेळापत्रकाचं कोडं

20 जुलै 2025 च्या रविवारी आयर्लंडमधलं आमचं कॉर्क लाल-पांढऱ्या झेंड्यांनी भरून गेलं होतं. डब्लिनच्या क्रोक पार्कवर हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाचा ऑल-आयर्लंड अंतिम सामना होता, कॉर्क विरुद्ध टिपरेरी. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होतं. उत्तरार्धात कॉर्कला अवघे दोन गुण मिळाले आणि टिपरेरीने 15 गुणांच्या फरकाने कप नेला. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणी कुणाशी फारसं बोललं नाही.

काही दिवसांतच तेच खेळाडू आपापल्या गावांकडे परतले आणि एकमेकांविरुद्ध उभे राहिले. ज्याच्या पासवर भरवसा ठेवून वर्षभर धावायचं, त्यालाच आता अडवायचं. शेजारचे आजोबा घडीची खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला हजर होते. मी विचारलं, इतक्या लवकर? ते म्हणाले, "आपला हंगाम तर आत्ता सुरू झाला."

इथे नव्याने आलेल्या मराठी घरांत हा गोंधळ नेहमी दिसतो. मुलं शाळेतून थेट क्लबच्या मैदानावर जायला लागतात, मग आई-बापही गुंततात, आणि थोड्याच दिवसांत कानावर पडतं की गावच्या मोठ्या संघाचे सामने अमुक तारखेआधी होणार नाहीत, कारण "काउंटी अजून खेळतेय". काउंटी, म्हणजे जिल्ह्याचा संघ, खेळतेय म्हणून गाव का थांबतं? हे कोडं सोडवायला आयर्लंडला कित्येक वर्षं लागली, आणि उत्तर सापडलं ते एका महामारीत.

आधी उतरंड समजून घेऊ

गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे आयर्लंडचे दोन मोठे देशी खेळ. फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही खेळता येतो. हर्लिंग खेळतात ते अ‍ॅश झाडाच्या लाकडाच्या काठीने. तिचं आयरिश नाव ऐकून मी चमकले होते, कारण ते मराठी कानाला हुबेहूब 'कमान' असं ऐकू येतं. दोन्ही खेळांत पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. फुटबॉलमध्ये 2025 पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले आहेत. आपल्या कोड्यासाठी एवढे नियम पुरेत.

दोन्ही खेळ चालवते गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए. 1 नोव्हेंबर 1884 ला टिपरेरीतल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात तिची स्थापना झाली. आज तिचे दोन हजारांहून जास्त क्लब आहेत. तळाशी पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा गाव-वाड्यांचा परिसर. सर्वसाधारणपणे एका पॅरिशचा एक क्लब. मूल सहाव्या वर्षी तिथे जातं आणि बहुतेक जण आयुष्यभर त्याच क्लबचे राहतात. क्लब बदलणं नियमानेही अवघड आणि मनाने त्याहून अवघड. क्लबांच्या वर काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. संपूर्ण बेटावर 32 काउंटी आहेत. त्यांच्या वर चार प्रांत, आणि सगळ्यांत वर ऑल-आयर्लंड.

कोल्हापूरच्या वाचकाला हे पटकन कळेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. खेळाडू तालमीचा असतो, आणि तालीम म्हणजे त्याचं घर, गल्ली, लहानपण. आता कल्पना करा की देशातल्या प्रत्येक गावात अशी एक तालीम आहे, जिल्ह्याचा संघ त्याच तालमींमधून निवडला जातो, आणि जिल्ह्याचा सामना बघायला 82,300 आसनांचं स्टेडियम भरतं. आणि त्या स्टेडियममध्ये खेळणाऱ्या कुणालाही पगार नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. जीएएचे खेळाडू हौशी आहेत. रविवारी ऐंशी हजारांसमोर खेळलेला शिक्षक सोमवारी वर्गावर असतो. खर्च आणि काही भत्ते मिळतात, खेळायचे पैसे मिळत नाहीत.

एकच बैलजोडी, दोन वावरं

काउंटीकडे स्वतःचे खेळाडू नसतात, ते क्लबांकडून येतात. साधारण तीस-पस्तीस जणांचा ताफा निवडला जातो. म्हणजे खेळाडूला एकाच वेळी दोन प्रशिक्षक, दोन सरावांची वेळापत्रकं, दोन निष्ठा.

बैलजोडी एक आणि वावरं दोन असली की काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाऊस पडला की वाफसा दोन्ही वावरांना एकाच वेळी येतो. आयरिश मैदानांचा वाफसा म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. जुलैत इथे रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार. मैदान कोरडं, चेंडू हलका, संध्याकाळ लांब असे दिवस थोडे, आणि ते काउंटीलाही हवे असतात आणि क्लबलाही.

ओढाताण दोघांत सारखी झाली असती तर निदान वाटणी करता आली असती. पण काउंटीकडे गर्दी आहे, तिकिटांचा पैसा आहे, टीव्ही आहे. काउंटीच्या मॅनेजरने "या आठवड्यात मुलं सोडू नका" म्हटलं की गावच्या सचिवाची मान डोलणारच, कारण काउंटी जिंकावी असं त्यालाही वाटतं. मी याला कुणाचा दुष्टपणा म्हणणार नाही. काउंटीवर सगळ्यांचंच प्रेम, आणि त्या प्रेमाचा भार गावच्या मैदानावर पडायचा.

काउंटीच्या खेळाडूंचा वेळही हा हा म्हणता वाढत गेला. आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने 2018 मध्ये मांडलेल्या अहवालात दिसलं की काउंटीचे वरिष्ठ खेळाडू आठवड्याला 31 तासांपर्यंत खेळासाठी देतात. सराव, व्यायामशाळा, प्रवास, आहार, व्हिडिओ बघणं असं सगळं धरून. नोकरी सांभाळून 31 तास दिल्यावर त्या माणसाने गावासाठी कुठून वेळ काढायचा?

जुनी पद्धत नेमकी कुठे अडकायची

लांबच्या गाडीसाठी थांबलेली जोडगाडीची एसटी तुम्ही पाहिली असेल. गाडी उशिरा येणार हे कळलं तर माणूस चहा पिऊन येतो, घरी फोन करतो. गाडी कधी येणार हेच माहीत नसेल तर तो फलाटावरून हलू शकत नाही. जुन्या पद्धतीतला क्लबचा खेळाडू असा फलाटावर उभा असायचा.

पूर्वी काउंटीची स्पर्धा थेट बाद पद्धतीची होती. मे महिन्यात हरलात की वर्ष संपलं. हरणाऱ्याला वाईट वाटायचं, पण त्याच्या गावांना लगेच मोकळीक मिळायची. मग हर्लिंगमध्ये 1997 पासून आणि फुटबॉलमध्ये 2001 पासून हरलेल्या संघांना दुसरी संधी मिळू लागली. इथले लोक त्याला 'मागचा दरवाजा' म्हणतात. प्रेक्षकांना तो आवडला, छोट्या काउंटींनाही आवडला, आणि खेळाच्या दृष्टीने तो न्याय्य होता. पण आता काउंटी स्पर्धेतून नेमकी कधी बाहेर पडणार हे आधी सांगणं अशक्य झालं. आज हरली तर दोन आठवड्यांनी पुन्हा सामना, तो जिंकली तर आणखी एक, आणि त्याची तारीख सोमवारी सोडत निघाल्यावर कळणार.

यात बरोबरीत सुटलेल्या सामन्यांची भर. अंतिम सामने तेव्हा सप्टेंबरमध्ये होत, बरोबरी झाली तर पुन्हा खेळवत. 2013 चा हर्लिंगचा अंतिम सामना क्लेअर आणि कॉर्क यांच्यात बरोबरीत सुटला आणि फेरसामना झाला 28 सप्टेंबरला. डब्लिन आणि मेयो यांचा 2016 चा फुटबॉलचा फेरसामना तर 1 ऑक्टोबरला. त्या काउंटींमधल्या क्लबांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गावची स्पर्धा एप्रिलमध्ये एक-दोन फेऱ्या होऊन थांबलेली, मधला सगळा उन्हाळा कोरडा गेलेला. काउंटी मोकळी झाली की प्रांताची क्लब स्पर्धा दारात उभी, आणि तिला आपला विजेता वेळेवर पाठवायचा. मग उरलेल्या फेऱ्या चिखलात, काळोखात, दर तीन-चार दिवसांनी उरकायच्या.

याची झळ कुणाला लागायची, तर काउंटीशी काहीही संबंध नसलेल्या साध्या खेळाडूला. इथल्या वादात 'अठ्ठ्याण्णव टक्के विरुद्ध दोन टक्के' असं म्हणायची पद्धत आहे. काउंटीसाठी खेळणारे शंभरात दोनेक, बाकीचे सगळे फक्त गावासाठी खेळणारे. माझ्या मुलाला हर्लिंग शिकवणारा तरुण त्या अठ्ठ्याण्णवांतला. तो दुसऱ्या काउंटीतून इथे आला. त्याने सांगितलं की सलग तीन उन्हाळे त्याने सुट्टी काढली नाही, कारण "बहुतेक पुढच्या आठवड्यात सामना होईल" असा निरोप असायचा, आणि तो आठवडा पुढे-पुढे सरकत राहायचा. चौथ्या वर्षी बहिणीच्या लग्नाच्या दिवशी सामना लागला. तो लग्नाला गेला, गाव हरलं, आणि दोन्हीकडे अपराधी वाटलं असं म्हणाला. पंचविशीतला मुलगा आवडीच्या खेळामुळे असा अडकून पडतो आणि एके दिवशी खेळ सोडून देतो. कुणी ऑस्ट्रेलियाला जातो, कुणी सॉकरकडे वळतो. वेळापत्रकाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो या मुलांमुळे.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले. 2018 मध्ये एप्रिल महिना क्लबांसाठी राखून ठेवला आणि अंतिम सामने थोडे अलीकडे ओढले. पण त्याच वर्षी काउंटीच्या स्पर्धांत साखळी सामने वाढले. एप्रिलमध्ये काही ठिकाणी गावच्या स्पर्धा सुरू झाल्या खऱ्या, पण दोन फेऱ्या होऊन थेट ऑगस्टपर्यंत थांबल्या. काही ठिकाणी काउंटीच्या मॅनेजरला खेळाडू सोडवेनात, तिथे एप्रिल तसाच गेला. एकाच महिन्यात दोन्ही वावरं नांगरायची म्हटल्यावर बैल थोरल्या घराकडेच जाणार.

टाळेबंदीने दिलेलं उत्तर

जानेवारी 2017 मध्ये क्लबच्या खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली होती. तिचं म्हणणं एका ओळीचं होतं: वेळापत्रक दुरुस्त करा. हजारो खेळाडू तिच्यात आले. बैठका झाल्या, 2019 मध्ये समिती बसली, वाद झाले, संघटना समितीतून बाहेरही पडली. हाती फारसं लागलं नाही.

मग 2020 आलं. मार्चमध्ये मैदानं बंद झाली. खेळ पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा मोठी गर्दी जमवणं शक्यच नव्हतं, म्हणून जीएएने नाइलाजाने उलटा क्रम लावला. जुलैच्या मध्यापासून फक्त क्लब, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून फक्त काउंटी. कॅलेंडरच्या मधोमध एक रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडे काउंटीच्या मॅनेजरचा शब्द चालत नव्हता.

त्या वर्षी गावांनी जे अनुभवलं त्याबद्दल इथले लोक आजही हळवे होऊन बोलतात. ऑगस्टच्या उजेडात, कोरड्या मैदानावर, काउंटीचा नावाजलेला खेळाडू आठ आठवडे सलग आपल्या गावात. लहान मुलांना तो रोज संध्याकाळी दिसायचा. आणि प्रत्येक सामन्याची तारीख आधीपासून माहीत. काउंटीचे अंतिम सामने डिसेंबरमध्ये रिकाम्या क्रोक पार्कवर झाले, तेही लोकांनी घरी बसून मनापासून पाहिले.

एकदा चव घेतल्यावर मागे जाणं अवघड होतं. फेब्रुवारी 2021 च्या वार्षिक अधिवेशनात हीच रेघ कायमची करायचं ठरलं, फक्त क्रम फिरवून: आधी काउंटी, मग क्लब. याला म्हणतात स्प्लिट सीझन, म्हणजे दोन भागांत कापलेला हंगाम. क्लबच्या खेळाडूंच्या संघटनेने आपलं काम झालं म्हणून त्याच वर्षी स्वतःला विसर्जित केलं. काम झाल्यावर दुकान बंद करणारी संघटना मी तरी दुसरी पाहिलेली नाही. 2022 पासून ऑल-आयर्लंडचे दोन्ही अंतिम सामने जुलैत होतात. 2025 मध्ये हर्लिंगचा 20 जुलैला झाला आणि फुटबॉलचा 27 जुलैला, ज्यात केरीने डोनेगलला हरवलं.

आता वर्ष असं चालतं: जानेवारीच्या अखेरीपासून काउंटींची लीग, एप्रिलपासून प्रांतांच्या स्पर्धा, जून-जुलैत ऑल-आयर्लंड. या काळात गावात लीगचे सामने होतात, पण काउंटीच्या खेळाडूंविना. अंतिम सामने झाले, किंवा आपली काउंटी त्याआधी बाद झाली, की गावच्या मुख्य स्पर्धेचा पडदा उघडतो. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक काउंटीचा विजेता क्लब ठरतो, हिवाळ्यात प्रांतांचे विजेते, आणि जानेवारीत देशाचा. क्लबांचा अंतिम सामना पूर्वी 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी व्हायचा. ती जागा गेली याची हळहळ अजून ऐकू येते.

तेरा आठवड्यांचं गणित

रेघ ओढली म्हणजे प्रश्न सुटला असं वाटेल, पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. 1 ऑगस्ट ते 31 ऑक्टोबर म्हणजे 92 दिवस, तेरा आठवडे. समजा एका काउंटीच्या सर्वांत वरच्या श्रेणीत बारा क्लब आहेत, चार-चारांचे तीन गट. गटातले तीन सामने, मग उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम. म्हणजे सहा आठवडे. आठवड्याआड विश्रांती दिली तरी तेरांत आरामात बसतं.

पण हे एका खेळाचं झालं. कॉर्कसारख्या काउंटीत दोन्ही खेळ जोरात चालतात, आणि कित्येक क्लब तेच खेळाडू घेऊन दोन्ही खेळतात. सहा अधिक सहा, बारा. एका आठवड्यात फुटबॉल, पुढच्यात हर्लिंग. तेरांपैकी एक आठवडा हाताशी उरतो. त्यात वादळ आलं, बरोबरी झाली, किंवा क्लबात कुणाचं निधन झालं तर? इथे क्लबच्या माणसाच्या अंत्ययात्रेला खेळाडू जर्सी घालून दुतर्फा उभे राहतात, त्या आठवड्याचा सामना पुढे ढकलतात, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. त्यामुळे हाताशी ठेवलेला एक आठवडा बघता बघता संपतो. शिवाय खेळाडूचे पाय बारा आठवडे सलग कामाला.

दुसऱ्या काउंटींमध्ये हेच गणित किती वेगळं असतं बघा. किलकेनी हर्लिंगमध्ये इतकी बुडालेली आहे की वरिष्ठ फुटबॉलच्या ऑल-आयर्लंड स्पर्धेत तिचा संघच नसतो. तिथलं वेळापत्रक मोकळं श्वास घेतं. केरीत फुटबॉलचं वेड, पण तिथे वेगळीच गुंतागुंत आहे. लहान क्लबांचे खेळाडू एकत्र करून विभागांचे संघ बनतात, ईस्ट केरी किंवा मिड केरी असे, आणि ते काउंटीच्या स्पर्धेत मोठ्या क्लबांशी भिडतात. म्हणजे आधी क्लबांची वेगळी स्पर्धा, मग ही दुसरी. गावचा मुलगा आधी गावाचा, मग तालुक्याचा, मग जिल्ह्याचा. त्याच्या वाटणीत तिसरं वावर आलं.

डेरी काउंटीतल्या स्लॉटनील या छोट्या क्लबचं मला फार अप्रूप आहे. 2016 मध्ये त्यांनी अल्स्टर प्रांताची तीनही विजेतेपदं एकाच हंगामात मिळवली: फुटबॉल, हर्लिंग आणि कॅमोगी, म्हणजे स्त्रियांचं हर्लिंग. तेच मोजके खेळाडू एका रविवारी एक खेळ आणि पुढच्या रविवारी दुसरा असं हिवाळाभर झुंजत राहिले. ते गाव समोर ठेवून मला वाटतं की वेळापत्रकाचा कुठलाही आराखडा आखताना आधी विचारावं, यात असं गाव पुन्हा उभं राहू शकेल का?

"काउंटीचे दोन खेळाडू नाहीत म्हणून गावाने थांबायचंच का?"

हा पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो. लीगमध्ये अगदी तसंच करतात. मुख्य स्पर्धेत का नाही? कारण गाव छोटं आहे. पंधरांतले दोन-तीन सर्वोत्तम खेळाडू काढले की जो क्लब जितके जास्त खेळाडू काउंटीला घडवून देतो, तो तितका दुबळा होतो. पोरं नीट घडवल्याची ती शिक्षाच ठरते. शिवाय त्या खेळाडूंनाही गावचं विजेतेपद हवं असतं. काउंटीचा कप जिंकलेले कितीतरी जण सांगतात की भावांबरोबर, शाळासोबत्यांबरोबर जिंकलेला गावचा कप त्यांना त्याहून जवळचा.

"मग क्लबांनीच हिवाळ्यात खेळावं"

मुंबईकर म्हणेल की कांगा लीग 1948 पासून भर पावसाळ्यात चालते आणि तिथे मोठमोठे फलंदाज घडले. खरं आहे. पण मुंबईच्या क्लबला कोरड्या दिवसांतही क्रिकेट मिळतं, पावसातली लीग ही त्यात भर. आयर्लंडमध्ये क्लबच्या वाट्याला चिखलच राहायचा. भिजलेला चेंडू काठीवर नीट बसत नाही, घसरणाऱ्या मैदानावर हर्लिंगचा वेगच मरतो. आणि कामावरून सुटेपर्यंत अंधार झालेला असतो, दिव्यांची सोय प्रत्येक गावाकडे नाही. हिवाळ्यात खेळ होतो, पण तो सगळ्या साध्या खेळाडूंवर लादू नये.

"जुलैत संपवून सप्टेंबर घालवला"

सगळ्यांत दमदार आक्षेप हा, आणि मला तो बराचसा पटतो. सप्टेंबरचे अंतिम सामने ही पिढ्यानपिढ्यांची सवय होती. हर्लिंगचा पहिल्या रविवारी, फुटबॉलचा तिसऱ्या. शाळा नुकत्याच उघडलेल्या असायच्या, विजेते कप घेऊन शाळाशाळांत जायचे, मुलं सुट्टीत काठी हातात घेऊन त्याच खेळाडूंची नक्कल करायची. आता कप जिंकला जातो तेव्हा शाळांना कुलूप. ऑगस्ट उजाडला की इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू होते, मागोमाग रग्बी, आणि टीव्हीवर आयरिश खेळ फारसे दिसत नाहीत. काउंटीचे सामनेही इतके दाटीने लागतात की एका सामन्याची चर्चा पुरी व्हायच्या आत दुसरा येतो. अंतिम सामने दोन-तीन आठवडे पुढे सरकवावेत अशी मागणी त्यामुळे वारंवार येते.

दोन आठवडे सरकवल्याने काय होतं ते तेरांच्या गणितात घालून बघा. बारा सामन्यांना अकरा आठवडे. ज्यांची काउंटी अंतिम फेरीत पोहोचली त्यांनाच हा फटका, पण तो जबर. म्हणून मी या मागणीच्या बाजूने नाही. टीव्हीवर दिसणं महत्त्वाचं आहे, पण सहा वर्षांचं मूल काठी हातात धरतं ते बहुतेकदा गावच्या मैदानावर कुणाला तरी खेळताना बघून. क्लबांच्या सामन्यांना अधिक प्रक्षेपण द्यावं, हा उपाय मला जास्त योग्य वाटतो. वर्तमानपत्रांनीही जुलैनंतर पानं आवरती घेऊ नयेत.

"ज्यांची काउंटी लवकर बाद होते त्यांचं काय?"

त्यांना जूनपासूनच सुरुवात करता येते. काही काउंटी तसं करतात, काही ऑगस्टपर्यंत थांबतात, कारण लवकर संपवलं तर विजेत्या क्लबला प्रांतस्पर्धेपर्यंत आठवडेच्या आठवडे रिकामं बसावं लागतं. हे काउंटीची मंडळं ठरवतात, आणि आपल्या मंडळाला जाब विचारायची जागा गावच्या वार्षिक सभेत असते. तिथे खुर्च्या रिकाम्या असतात, हेही खरं.

"खेळाडूची दमछाक कमी झाली का?"

साध्या खेळाडूची झाली, काउंटीच्या खेळाडूची तितकी नाही. त्याला रेघेच्या दोन्ही बाजूंना खेळायचं आहे. जुलैत काउंटी, ऑक्टोबरला गाव, गाव जिंकत राहिलं तर जानेवारीत क्रोक पार्क, आणि तोवर काउंटीचा नवा हंगाम तोंडावर. 2025 मध्ये जानेवारीतल्या काउंटींच्या पूर्वतयारीच्या स्पर्धा याच कारणाने बंद ठेवल्या होत्या. यशस्वी गावाच्या यशस्वी खेळाडूला सलग महिनाभर सुट्टी मिळेल अशी जागा या कॅलेंडरमध्ये मला अजून दिसलेली नाही.

मुलींचा हिशोब बाकी आहे

आत्तापर्यंत सांगितलेलं जवळजवळ सगळं पुरुषांच्या खेळाबद्दल होतं. स्त्रियांचा फुटबॉल आणि कॅमोगी या दोन वेगळ्या संघटना चालवतात. तीन संघटना, तीन कार्यालयं, तीन वेळापत्रकं, आणि गावात मैदान बहुधा एक किंवा दोन. माझी मुलगी कॅमोगीही खेळते आणि फुटबॉलही. गेल्या हंगामात एका रविवारी दोन्हीकडचे सामने दोन वेगळ्या गावांत दीड तासाच्या अंतराने लागले. गाडीत कपडे बदलत ती दुसऱ्या मैदानावर पोहोचली तेव्हा मध्यंतर झालं होतं. मोठ्या मुलींच्या बाबतीत तर कुठला सामना सोडायचा हे त्यांना स्वतःलाच ठरवावं लागतं.

तिन्ही संघटनांनी 2027 पर्यंत एक व्हायचं ठरवलं आहे. एक संघटना, एक कॅलेंडर, आणि त्याच तेरा आठवड्यांत दोनाऐवजी चार स्पर्धा, त्याच मैदानांवर, त्याच पंचांना घेऊन. आमच्या क्लबच्या सचिव बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावून चार रंगांच्या पेन्सिलींनी आत्ताच आखणी सुरू केली आहे. परवा गेले तेव्हा सप्टेंबरचे दोन रविवार त्यांनी तीनदा खोडून पुन्हा लिहिले होते.